जांभळ्या रेघेची आकडी

माझ्या पर्समध्ये जांभळ्या नेलपॉलिशची एक बाटली असते आणि तिच्यातला थेंबही कधी माझ्या नखाला लागलेला नाही. नखं रंगवावीत असे माझे हातच नाहीत. सोमवार ते शुक्रवार बाणेरच्या ऑफिसात की-बोर्ड आणि शनिवार-रविवार ग्रीस. ही बाटली बोल्टसाठी आहे.

आमच्याकडे गाड्या दोन. ऑफिसला न्यायची गाडी भूगावला सोसायटीच्या पार्किंगमध्ये शहाण्यासारखी उभी असते. दुसरी रिहे गावात एका शेडमध्ये असते. ती जुनी टर्बो हॅचबॅक आहे, आतून पार सोलून काढलेली. मागची सीट नाही, एसी नाही, गालिचा नाही. पुढे दोन घट्ट खुर्च्या आणि भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा. ती रस्त्यावर काढायची नाही, ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची आणि तिथे मनसोक्त पळवायची. शर्यती जिंकता का, असं नातेवाईक विचारतात. नाही जिंकत. मग कशाला, हा पुढचा प्रश्न. दर पावसाळ्यात ताम्हिणी घाटात तासन् तास अडकून कणीस खाऊन परत येणाऱ्यांना कुणी कशाला म्हणून विचारत नाही, आम्हालाच विचारतात.

मी बार्शीची, नवरा जळगावचा. ऑफिसात ओळख झाली ती एका पार्किंगच्या भांडणातून, आणि भांडण मी जिंकले होते. लग्नानंतर लोक सोफा घेतात, आम्ही जॅक घेतला. रिह्याची शेड एका शेतकरी काकांची. आधी तिच्यात ट्रॅक्टर आणि भाताची पोती असायची. अजूनही एका कोपऱ्यात पोती असतात आणि सुगीनंतर सगळ्या शेडला इंद्रायणी भाताचा वास येतो. काकांच्या घरची बरीच जमीन फार्महाऊसवाल्यांना गेली, उरलेल्या खाचरांत ते भात लावतात आणि रिकाम्या वेळी आमच्यापाशी स्टूल टाकून बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीत डोकावून विचारलं होतं, "ताई, ही गाडी मोडायला आनलीया का जोडायला?" मी म्हटलं जोडायला. "मग सीटा कुटं गेल्या?"

आता रेघेचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. अगदी सुरुवातीला, गाडी अजून रस्त्यावर काढायचो तेव्हा, आम्ही चाकं बदलली आणि गाडी सहज म्हणून घोटावड्याच्या फाट्यापर्यंत काढली. फाट्याजवळ पुढचं चाक डुगडुगायला लागलं. उतरून बघतो तर नट हाताने फिरत होते. नवरा म्हणाला, मला वाटलं तू आवळलेस. मी म्हटलं, मला वाटलं तू आवळलेस. फाट्यावरच्या चहावाल्याच्या साक्षीने आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातूनच नियम निघाला. एकाने आवळायचं, दुसऱ्याने टॉर्क पाना, म्हणजे हवा तेवढा जोर बसला की टक् वाजणारा पाना, लावून तपासायचं, आणि तपासणाऱ्यानेच रेघ मारायची. रेघ अशी की खालच्या भागावरून सुरू होऊन बोल्टच्या डोक्यावर संपली पाहिजे. बोल्ट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. स्वतः आवळलेल्यावर स्वतः रेघ मारायची नाही. देवाब्राह्मणांसमोर घेतलेल्या शपथा मला नीट आठवतही नाहीत, ही मात्र पाठ होती.

त्याची रेघ पांढऱ्या मार्करची. माझा मार्कर एकदा वाळून गेला तेव्हा एका मैत्रिणीने दिलेलं नेलपॉलिश मी वापरलं आणि मग तेच चालू राहिलं. मी डावखुरी आहे. ब्रश उचलताना माझ्या रेघेला शेवटी एक बारीक आकडी येते, डावीकडे वळलेली. तो चिडवायचा, "बोल्टवर मोडी लिहितेस." मी म्हणायचे, वाचता येत नसेल तर शिकून घे. पुढे तो ते इतकं छान शिकेल असं मला वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी ट्रॅकवर एक गोष्ट झाली. लांब सरळ पट्टा संपतो तिथे मी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ होऊन थेट तळाला गेलं. लागोपाठच्या फेऱ्यांनी ब्रेक तापून बसले होते. गाडी वळणाबाहेर गवतात गेली आणि गवतानेच थांबवली. मला काही झालं नाही, पण नवरा पांढरा पडला होता. टर्बोने गाडीला पळायचं बळ दिलं होतं, थांबायचं बळ कंपनीचंच राहिलं होतं.

त्या संध्याकाळी ठरलं. आधी ब्रेक, मग मॅनिफोल्ड. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातली जळालेली हवा गोळा करून टर्बोकडे नेणारा नळ्यांचा जुडगा. आमचा होता तो ओतीव लोखंडाचा, बोजड आणि आतून अरुंद. नवा स्टेनलेसचा, चारही नळ्या सारख्या लांबीच्या, गोल वळणांचा आला की टर्बो लवकर जागा होतो, गाडी झेप घेते आणि आवाज तर काय विचारता. नवरा त्या मॅनिफोल्डच्या प्रेमात होता. जेवताना फोन समोर ठेवून त्याचे व्हिडिओ बघायचा. मी एकदा म्हटलं, माझ्याकडे लग्नाआधीसुद्धा असं बघितलं नाहीस. तो हसला, फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "आधी ब्रेक. तुझी शप्पथ."

दोन्ही आणायला पैसे होते, अडचण वेळेची होती. पुढच्या ट्रॅकच्या दिवसाआधी एकच काम नीट होईल एवढेच शनिवार-रविवार हातात होते. ब्रेक आले. मोठ्या चकत्या, चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरणारे चार पिस्टनचे कॅलिपर, जाळीच्या नळ्या, न उकळणारं तेल. मी ते खोकं उघडताना अक्षरशः हसत होते. एका रविवारी सकाळी आम्ही डावी बाजू घेतली. त्याने आवळलं, मी पाना लावला, टक् असा आवाज ऐकला आणि रेघा मारल्या. दोन बोल्ट, दोन रेघा, दोन आकड्या.

तेवढ्यात बार्शीहून शेजारच्या काकूंचा फोन आला. आईचा डोळा अचानक लाल होऊन भयंकर दुखत होता आणि त्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं. आई एकटी असते. मी होते त्या कपड्यांत निघाले. हातातली बाटली नकळत पर्समध्ये टाकली ती वाटेत टेंभुर्णीला पाण्याची बाटली काढताना सापडली.

आईचं ऑपरेशन झालं, डोळा वाचला. मी तिच्यापाशी राहिले. तीन प्रकारचे थेंब होते आणि तिन्ही बाटल्या एकसारख्या. मी नेलपॉलिश काढलं आणि सकाळच्या बाटलीवर एक रेघ, दुपारच्या बाटलीवर दोन आणि रात्रीच्या बाटलीवर तीन रेघा मारल्या. आई एका डोळ्याने बघत म्हणाली, "नखाला लावायचं बाटलीला लावतीस व्हय गं? तुझं सगळं उलटंच."

तिथून मी नवऱ्याला फोनवर म्हटलं, उजवी बाजू मी आल्याशिवाय पुरी करू नकोस, मला तपासायची आहे.

तो म्हणाला, "अगं, उजवी आपण केलीच की त्या दिवशी."

"नाही. फोन आला तेव्हा डावीच झाली होती."

"डावी झाली, मग उजवी घेतली, मी आवळली, तू रेघा मारल्यास आणि मग फोन आला. तू घाबरली होतीस म्हणून आठवत नाहीये." आवाज किती मायाळू होता! "थांब, फोटो पाठवतो."

फोटो आला. शेडच्या ट्यूबलाइटच्या उजेडातला, जरा अंधारा. नवा कॅलिपर, बोल्ट, जांभळी रेघ, आणि रेघेच्या टोकाला डावीकडे वळलेली माझी आकडी. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. अक्षर माझंच होतं. आईच्या खाटेशी बसून मी ती सकाळ पुन्हा पुन्हा मनात चालवून बघितली आणि दर वेळी ती डाव्या चाकापाशीच संपली. पण डोळ्यांसमोर पुरावा होता. मला वाटलं, आईच्या काळजीने माझं डोकं ठिकाणावर नसणार. मी त्याला "सॉरी, खरंच विसरले" असं लिहिलं. त्याने हसरा चेहरा पाठवला.

परत आले ती थेट रिह्याला. काका स्टुलावर होतेच. "ताई, आई बरी हाय का? तुमच्या जागंवर मीच बसलो हुतो बगा. ब्रेकची हवा काढताना ह्ये म्हनायचे दाबा, मी दाबायचो, म्हनायचे धरा, मी धरायचो. लई मज्जा आली. पाय आखडला पन." ब्रेकच्या नळ्यांत तेल भरल्यावर त्यातली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. इतकी वर्षं पेडलवर मीच असायची. मला उगाच जरा लागलं, पण काकांचा आनंद बघून मी हसले.

मग नवऱ्याने वाढदिवसाचा केक उघडावा तसं बॉनेट उघडलं. आत मॅनिफोल्ड. नवा, स्टेनलेसचा, चार सारख्या नळ्या, शेजारचे पाइप पांढऱ्या पट्टीने नीट गुंडाळलेले.

"सरप्राइज!"

मला राग यायला हवा होता आणि आलाही. हे ठरलं नव्हतं, मी म्हटलं. तो म्हणाला, ब्रेक तर झालेच होते, वेळ उरला, मग बसून काय करणार होतो? बोलणं बिनतोड होतं. त्याने इंजिन सुरू केलं आणि तो आवाज शेडच्या पत्र्यांत घुमला. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. काका म्हणाले, "म्हस दचकली तिकडं." आम्ही तिघं हसलो. ट्रेलर दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होता. चाकं काढून मी पुन्हा एकदा सगळं बघावं असं माझ्या मनात आलं होतं, पण माझीच रेघ मीच काय तपासायची?

ट्रॅकवर तो म्हणाला, "पहिली तू जा. ब्रेक तुझे आहेत." एखादी भेट द्यावी तसं म्हणाला.

पहिली फेरी हळू केली. दुसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर पाय दाबला. मॅनिफोल्डने आपलं काम चोख केलं. टर्बो आधीपेक्षा कितीतरी लवकर जागा झाला, पाठ खुर्चीला चिकटली आणि पट्टा संपण्याची पाटी नेहमीपेक्षा फार लवकर आली. मी ब्रेक दाबला. उजव्या चाकातून खाड् असा आवाज झाला, स्टिअरिंग हातातून हिसकलं गेलं आणि गाडी डावीकडे फेकली गेली. मग खडी, धूळ, आणि समोर एकावर एक रचलेले टायर वाढत वाढत आले. टायरांच्या अलीकडे गाडी थांबली. किती अलीकडे ते मी बघितलं नाही, बघायचं धाडस झालं नाही.

गाडी ओढून आणली आणि चाक काढलं. उजव्या कॅलिपरचा खालचा बोल्ट गायब होता. वरचा दोन आट्यांवर लटकत होता, बोटाने फिरत होता. त्याच्या डोक्यावर अर्धी तुटलेली जांभळी रेघ आणि आकडी.

तिथे सुरक्षेचं काम बघणारे एक गृहस्थ होते, चिडलेले होते आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं, "हे तपासलं कुणी?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाला, "तिची आई आजारी होती. गडबडीत राहून गेलं असेल तिच्याकडून." आजूबाजूचे सगळे हळहळले. एकाने मला पाणी आणून दिलं. मी इतक्या लोकांसमोर रडले, आणि तो माझी पाठ थोपटत राहिला.

घरी येताना मी त्याला म्हटलं, तू बसला असतास गाडीत तर? माझ्या हातून तू गेला असतास. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "काही झालं नाही ना? विसर आता."

मी विसरले नाही. त्यानंतर माझा माझ्यावरचा भरवसाच उडाला. गॅस बंद केला का म्हणून मी लिफ्टमधून परत यायची. ऑफिसात एक साधा मेल पुन्हा पुन्हा वाचायची. चांदणी चौकाच्या गर्दीत गाडी चालवायचं सोडून दिलं, तो सोडायला यायचा. आईला फोन करून विचारायची, मी रेघा बरोबर मारल्यात ना गं, सकाळचे थेंब सकाळीच आहेत ना? आई म्हणायची, डोळा माझा गेला होता का तुझा? शेवटी मी त्याला म्हटलं, यापुढे गाडीचं तूच आवळ आणि तूच तपास, मला नाही जमत. नियम मी माझ्या तोंडाने मोडला. तो "बरं" म्हणाला. एवढंच, "बरं".

तो वरचा बोल्ट मी घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता, रोज नजरेला पडावा म्हणून. स्वतःला शिक्षा देण्यात मी वाकबगार आहे.

आमच्या त्या खिडकीत समोरच्या नव्या इमारतीमुळे ऊन फार उशिरा आणि थोडा वेळ येतं. एका रविवारी चहा ठेवला होता. ऊन बोल्टवर पडलं आणि रेघ चमकली. बारीक चांदीसारखे कण. मी बोल्ट उचलून उन्हात फिरवला. कण होतेच. माझं नेलपॉलिश साधं आहे, मातट जांभळं, पूर्वीच्या शाईसारखं. त्यात चमक नाही. मी पर्समधून बाटली आणली आणि त्या रेघेशेजारी माझी एक रेघ मारली. उन्हात धरली. दोन रंग जवळजवळ सारखे होते, अंधाऱ्या शेडमधल्या फोटोत सारखेच दिसले असते. पण एक चमकत होता आणि एक नाही.

चहा उतू गेला. मला कळलं तेव्हा काय वाटलं ते लिहिते. आधी वाटलं ते सुख होतं. मी वेडी नव्हते! ती सकाळ डाव्या चाकापाशीच संपली होती, मला बरोबर आठवत होतं. आणि मग त्या सुखामागून दुसरं आलं, माझी आकडी माझ्याच घरातल्या माणसाने काढली होती.

नवरा डोळे चोळत आला. मी बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, उन्हात बघ.

त्याने बघितलं. खोटं बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. एवढं तरी केलं त्याने.

"तू बार्शीला होतीस," तो म्हणाला. "मॅनिफोल्ड आला होता. तू आल्यावर उजवी बाजू उघडून बसलो असतो तर मॅनिफोल्ड या वेळी राहिला असता. मी नीट आवळले होते गं. मला वाटत होतं, नीट आवळलेत. मध्येच कुरियरवाला आला आणि..."

"रंग कुठून आणलास?"

त्याने बोल्ट ओट्यावर ठेवला.

"रंग कुठून आणलास म्हणते मी."

"इथल्याच दुकानातून. डाव्या बाजूच्या रेघेचा फोटो काढून जुळवला. दुकानातल्या बाईने तीन-चार काढून दाखवले."

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यासाठी कधी टिकलीचं पाकीटसुद्धा आणायला त्या दुकानात चढला नव्हता. बाहेर बाईक चालू ठेवून उभा राहायचा. तो काउंटरशी उभा राहून जांभळ्याच्या छटा बघत होता. मग शेडमध्ये जाऊन, उजव्या हाताने लिहिणारा माणूस, डाव्या हातात ब्रश धरून आकडी काढत बसला असेल. एकदा चुकली असेल, पुसली असेल, पुन्हा काढली असेल. घाईत चूक झाली म्हणणाऱ्याकडे त्या आकडीसाठी मात्र वेळ होता. बोल्ट सैल राहिला ते मी माफ करू शकते, माझ्याहीकडून राहील. आकडीचं काय करू?

मी विचारलं, "सांगितलं का नाहीस? ट्रॅकवर, मी हात वर केला तेव्हा?"

"तू खूप रागावली असतीस."

"मग मी स्वतःवर रागावले, ते तुला चाललं?"

तो रडला, पाया पडायलाही आला, मी पाय मागे घेतले. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून अजूनही आलेलं नाही आणि मला तेवढंच हवं आहे.

त्या दुपारी मी एकटी रिह्याला गेले, स्वतः गाडी चालवत. पिरंगुटपर्यंत हात घामेजले होते, पुढे सुकले. काका खाचराच्या बांधावरून आले आणि माझा चेहरा बघून स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगितलं. ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

"ताई, मी म्हनलो हुतो त्यास्नी. त्या दिशी ते एकलंच उजव्या अंगाला बसलं हुतं. म्हनलं, ताईंना येऊ द्या की, घाई काय हाय? तर म्हनले, ताईंनी बगितलंय सगळं. मला काय ठावं? मी म्हनलं असंल." मग म्हणाले, "मानसानं बायकूला खोटं सांगावं, आमीबी सांगतो. कुटं हुता म्हनलं की रानात हुतो म्हनतो. पन तिचंच नाव घालून खोटं? ह्ये न्हाई ऐकलं."

लोक विचारतील, मग सोडलंस का त्याला? नाही. आमचं घर एक आहे, शेडमधली गाडी एक आहे, आणि मी त्याच्यावर प्रेम करत नाही असं म्हणाले तर तेही खोटंच होईल. पण फसवली गेले हे मी मऊ करून सांगणार नाही. माझा जीव टांगणीला लावला म्हणून नव्हे, तो तर आम्ही दोघं दर वेळी आपखुशीने लावतो. माझी खूण माझ्याविरुद्ध वापरली म्हणून.

गाडी पुन्हा उभी केली आम्ही. उजवी बाजू मी आवळली, त्याने तपासली, पांढरी रेघ मारली. मॅनिफोल्ड काढून टाकू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, त्याचा काय दोष? आवाज अजूनही आवडतो मला. गेल्या महिन्यात मागच्या चाकांचे ब्रेक हातात घेतले. त्याने बोल्ट आवळले आणि पाना माझ्या हातात देऊन बाजूला झाला, नजर खाली. मी एकेक तपासला, टक् ऐकलं. सगळे घट्ट होते. मी बाटली उघडून रेघा मारल्या, आकडीसकट, नेहमीसारख्या. तो बघत होता. त्याला वाटलं असावं की सगळं पहिल्यासारखं झालं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघितला.

मग त्याला दिवा आणायला पाठवलं आणि तो वळल्यावर प्रत्येक बोल्टच्या मागच्या अंगाला, वाकलं तरी दिसणार नाही अशा जागी, ब्रशच्या टोकाने एक ठिपका ठेवला. आता माझी खूण तो ठिपका आहे, रेघ नव्हे. असा ठिपका आहे हे त्याला माहीत नाही आणि मी सांगणार नाही. लग्न झाल्यापासून नवऱ्यापासून लपवलेली माझी ही पहिलीच गोष्ट.